काय बदललं, का बदललं

कालपर्यंत नीट चालणारं सॉफ्टवेअर आज अडलं, की सपोर्टला बसलेला माणूस आधी एकच प्रश्न विचारतो : काय बदललं? नवं व्हर्जन आलं का, कुणी सेटिंग हलवलं का, रात्री सर्व्हरवर पॅच पडला का? उत्तर लगेच मिळालं तर दुरुस्ती सोपी असते. मिळालं नाही तर चार चांगले इंजिनिअर दिवसभर चाचपडत राहतात, शेवटी जुनं व्हर्जन परत चढवतात, आणि मूळ दोष जिथल्या तिथे राहतो. सॉफ्टवेअरच्या व्यवसायात कोरी पाटी फार थोड्यांच्या वाट्याला येते. बहुतेकांचं आयुष्य दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचण्यात, त्यात भर घालण्यात आणि ते सांभाळण्यात जातं. तरीही शिकवताना भर असतो तो नवा प्रोग्रॅम लिहिण्यावर. केलेल्या बदलाची नोंद कशी ठेवावी, दुसऱ्याची नोंद कशी वाचावी, तिच्यावर किती विश्वास ठेवावा, हे माणूस नोकरीत ठेचा खात शिकतो. हे पुस्तक त्या ठेचा कमी व्हाव्यात म्हणून लिहिलं आहे.

पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं. दोन रिलीजमध्ये काय बदललं, हे यंत्र सांगू शकतं. का बदललं, हे बदल करणारा माणूसच सांगू शकतो, आणि तेही कारण मनात ताजं असताना. या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, आणि एकीवरून दुसरी ताडून पाहण्याची सोय केली, तरच नव्या व्हर्जनवर विश्वास ठेवायला काही आधार उरतो. एकीकडे नुसता कोड आणि दुसरीकडे नुसती गोड शब्दांतली घोषणा, यांतलं कुठलंच पुरेसं नाही.

महाराष्ट्रात ज्याचा जमिनीशी संबंध आला आहे, त्याला ही व्यवस्था नवी वाटू नये. सातबारा आज जमीन कुणाच्या नावावर आहे ते सांगतो. ती त्या नावावर कशी आली, खरेदीने, वारसाने की वाटणीने, हे कळतं गाव नमुना सहामधून, म्हणजे फेरफार नोंदवहीतून. तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकत घ्यायला मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो, आणि मग बदल फेरफार क्रमांकासह सातबाऱ्यावर चढतो. त्या क्रमांकाचं बोट धरून कुणालाही मागे जाता येतं. सोर्स कोड हा सातबारा धरला, तर बदलांचा इतिहास ही फेरफार नोंदवही. क्रमांक, कारण, दुसऱ्या माणसाची मंजुरी आणि मागे जाण्याची वाट, या चारही गोष्टी सॉफ्टवेअरलाही लागतात. एक जरी सुटली तरी तंटा उभा राहतो.

हे ओळखणारे लोक संगणकाच्या जगात लवकर निपजले. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस नावाची प्रणाली तयार केली. कोडची प्रत्येक आवृत्ती जपायची, हवी ती परत काढता यावी, आणि प्रत्येक बदलाबरोबर तो कुणी केला, केव्हा केला, कुठे केला आणि का केला हे नोंदलं जावं, असा तिचा उद्देश होता. १९७५ मध्ये छापलेल्या निबंधात त्यांनी हे सगळं मांडलं. त्यातला ‘का’ मला फार महत्त्वाचा वाटतो. बदलांची नोंद ठेवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या साधनातच तो होता. पुढच्या पन्नास वर्षांत साधनं कितीतरी पटींनी वेगवान झाली, पण ‘का’ची जागा पुष्कळदा रिकामी राहिली.

त्याच संस्थेत जेम्स हंट आणि डग मॅकिलरॉय यांनी दोन फायलींतला फरक शोधणारा ‘डिफ’ हा प्रोग्रॅम घडवला. १९७४ मध्ये युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर तो बाहेर पडला. दोन फायली समोरासमोर ठेवून ओळ बदलली की नाही एवढंच पाहणं सोपं वाटतं. पण वर एक नवी ओळ घुसली की खालच्या सगळ्या सरकतात, आणि भोळ्या तुलनेला सगळंच बदललेलं दिसतं. म्हणून आधी दोन्ही फायलींत त्याच क्रमाने येणाऱ्या ओळींचा जास्तीत जास्त मोठा संच शोधायचा, आणि जे उरेल तेवढाच बदल मानायचा, ही त्यामागची कल्पना. १९८६ मध्ये युजीन मायर्स यांनी हेच काम अधिक झटपट करणारी रीत मांडली. आज गिट ही बदल नोंदवणारी प्रणाली जो फरक दाखवते तो मुळात याच रीतीने. मधल्या काळात, १९८५ मध्ये, लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ लिहिला. डिफने काढलेला फरक दुसऱ्याच्या प्रतीवर चढवण्याचं काम तो करतो. त्यामुळे बदल ही एक स्वतंत्र वस्तू झाली. ती टपालाने पाठवता येऊ लागली, वाचता येऊ लागली, नाकारताही येऊ लागली. पृथ्वीच्या दोन टोकांना बसलेल्या अनोळखी माणसांनी मिळून एकच प्रोग्रॅम लिहावा, हे यामुळे शक्य झालं.

गिटचा जन्म असाच एका गरजेतून झाला. लिनक्स कर्नलचं काम २००२ पासून बिटकीपर नावाच्या प्रणालीवर चाले. २००५ मध्ये तिचा मोफत वापर बंद झाला आणि लिनक्सचे निर्माते लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी त्या एप्रिलमध्ये स्वतःच नवी प्रणाली लिहायला घेतली. गिटमध्ये प्रत्येक कमिटचा, म्हणजे नोंदलेल्या बदलाचा, ओळख-आकडा त्यातल्या मजकुरावरून आणि आधीच्या कमिटच्या आकड्यावरून काढला जातो. त्यामुळे मागची एक नोंद कुणी गुपचूप फिरवली, तर तिच्यापुढच्या सगळ्या नोंदींचे आकडे बदलतात आणि चोरी उघडी पडते. मात्र कर्नलच्या गिटमधली पहिली नोंद एप्रिल २००५ मधली, २.६.१२ या व्हर्जनच्या चाचणी-प्रतीची आहे. १९९१ पासूनचा आधीचा इतिहास त्यात आणला गेला नाही. पुढे काहींनी तो वेगळ्या भांडारात जुळवून ठेवला. पण आजही एखाद्या जुन्या ओळीचा माग काढणारा माणूस या भिंतीशी येऊन थांबतो आणि त्याला दुसरीकडे शोध घ्यावा लागतो. नोंद कुठून सुरू करायची, हा निर्णय पुढच्या कित्येक वर्षांच्या वाचकांसाठी घेतला जात असतो.

साधनांचा हा इतिहास पुस्तकाच्या पहिल्या भागात सविस्तर आहे. पण साधन हाती असलं म्हणजे काम झालं, असं नाही. याचा सर्वांत बोलका दाखला डेबियनमधल्या ओपनएसएसएलचा आहे, आणि त्यावर मी एक पूर्ण प्रकरण खर्च केलं आहे.

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली, स्वयंसेवकांनी चालवलेली प्रणाली. तिच्यात ओपनएसएसएल हे गुप्तलेखनाचं सॉफ्टवेअर येतं. मेमरीच्या वापरातल्या चुका हुडकणारं एक साधन त्यातल्या काही ओळींबद्दल तक्रार करत होतं : मूल्य न दिलेली मेमरी वाचली जात आहे. २००६ मध्ये डेबियनच्या प्रतीत त्या ओळी बंद केल्या गेल्या. हे चोरून झालं नव्हतं. आधी मूळ प्रकल्पातल्या लोकांना विचारलं होतं, बदल सर्वांना दिसत होता, त्याची नोंदही होती. पण बंद केलेल्या ओळींपैकी एक ओळ यादृच्छिक संख्या तयार करणाऱ्या भागाला खरी अनिश्चितता पुरवत होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, आणि तो जास्तीत जास्त ३२,७६८ प्रकारचा. गुप्तलेखनाच्या ज्या किल्ल्या कुणालाही ओळखता येऊ नयेत त्या एका साध्या संगणकावर मोजून काढता येतील इतक्या थोड्या झाल्या. लुसियानो बेल्लो यांच्या हे लक्षात आलं आणि १३ मे २००८ रोजी डेबियनने जाहीर सूचना काढली. दीड वर्षाहून अधिक काळ त्या प्रतीवर आणि तिच्यापासून निघालेल्या उबुंटूसारख्या प्रणालींवर तयार झालेल्या सगळ्या किल्ल्या टाकून द्याव्या लागल्या.

या घटनेकडे बोट दाखवून एखाद्या स्वयंसेवकाला दोष देणं सोपं आहे. त्यातून शिकायला काहीच मिळत नाही. मला त्यातून दिसतं ते हे : नोंद होती, पण ती तक्रार कशी थांबली याची होती. त्या ओळी मुळात कशासाठी होत्या, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मूळ लेखकाने ‘का’ लिहिला नाही, म्हणून बदल करणाऱ्याला तो दिसला नाही, आणि तपासणाऱ्यांनाही दिसला नाही. कोडच्या एका ओळीपाशी कारणाचं एक वाक्य असतं, तर ती ओळ काढायला कुणाचा हात धजावला नसता. चांगल्या नोंदीची किंमत ती लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही. ती कळते दहा वर्षांनी, दुसऱ्या खंडातल्या कुणाला तरी.

आता कारण लिहायचं म्हणजे काय लिहायचं? ‘बग फिक्स केला’ असं लिहिलेले कमिट प्रत्येक ऑफिसात ढिगाने सापडतात. त्यातून काय कळतं? बग कुठला, कुणाला दिसला, कोणत्या परिस्थितीत दिसला, दुसरा उपाय का नाकारला, काहीच नाही. त्याऐवजी ‘लीप वर्षात व्याजाचा एक दिवस कमी धरला जात होता, कारण वर्षाचे दिवस ३६५ असे थेट लिहिले होते, आता ते तारखेवरून काढतो, जुन्या खात्यांची रक्कम यामुळे आपोआप बदलणार नाही’ असं लिहिलं, तर पुढच्या माणसाला कोड उघडण्याआधीच निम्मी वाट दिसते. शेवटचं वाक्य त्यात सर्वांत मोलाचं, कारण काय बदललेलं नाही तेही ते सांगतं. लिनक्स कर्नलमध्ये दुरुस्तीच्या कमिटखाली ती मुळातल्या कोणत्या कमिटची चूक सुधारते हे नोंदवण्याची पद्धत आहे. २००४ पासून बदल पाठवणारा आणि पुढे नेणारा प्रत्येक जण त्याखाली आपलं नाव घालतो. चुकीच्या मूळ कमिटची ही नोंद पाहून जुन्या व्हर्जनची देखभाल करणाऱ्यांना कोणती दुरुस्ती आपल्याला लागू आहे हे ठरवता येतं.

या शिस्तीचं फळ दिसतं ते बिघाड शोधताना. कर्नलचं नवं व्हर्जन साधारण ९-१० आठवड्यांनी येतं आणि एकेका व्हर्जनमध्ये १० हजारांहून अधिक बदल असतात. त्यांतल्या एकाने तुमच्या लॅपटॉपचा आवाज बंद पाडला, तर तो शोधायचा कसा? गिटमधलं ‘बायसेक्ट’ मधला बदल उचलतं आणि विचारतं, इथे आवाज येतो का? येत असेल तर दोषी पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. असं निम्मं निम्मं करत गेलं, की १६ हजार बदलांतून दोषी बदल १४ चाचण्यांत सापडतो. ज्याला कोडची एक ओळही वाचता येत नाही, तो वापरकर्ताही हे करू शकतो. पण यासाठी एक अट आहे. प्रत्येक कमिट लहान हवा, एकाच हेतूचा हवा, आणि त्या टप्प्यावर सॉफ्टवेअर चालू स्थितीत हवं. महिनाभराचं काम एकाच कमिटमध्ये कोंबलं, तर शोध त्या गठ्ठ्यापाशी येऊन थांबतो आणि पुढे डोळ्यांनीच पाहावं लागतं.

इथपर्यंतची नोंद ही करणाऱ्यांनी करणाऱ्यांसाठी ठेवलेली आहे. वापरणाऱ्याची गरज वेगळी असते. ग्नू प्रकल्पाने हा भेद फार पूर्वी ओळखला आणि दोन वेगळ्या फायली ठेवायला सांगितलं : एकीत कोडमधल्या बदलांची तपशीलवार नोंद, दुसरीत वापरणाऱ्याला जाणवतील असे बदल. आजही अनेक ठिकाणी कमिटची यादी जशीच्या तशी उचलून रिलीज नोट म्हणून दिली जाते. ती प्रामाणिक असते, पण उपयोगी नसते. याच्या उलट टोकाला फोनवरच्या ॲपबरोबर येणारी सूचना : ‘किरकोळ दोष दूर केले, कामगिरी सुधारली.’ महिन्यांमागून महिने तेच वाक्य. या ॲपच्या हाती आपले पैसे असतात, फोटो असतात, आजारपणाचे कागद असतात. त्यात काय बदललं हे वापरणाऱ्याला सांगायचं नाही, हा त्याचा अनादर आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

चांगल्या रिलीज नोटचा नमुना हवा असेल तर पोस्टग्रेस या डेटाबेसकडे पाहावं. मोठ्या व्हर्जनच्या नोटमध्ये जुन्या व्हर्जनवरून येणाऱ्याने काय जपावं, याचा वेगळा भाग सुरुवातीलाच असतो. जुनं काय आता चालणार नाही, हे नव्या सोयींचं कौतुक सुरू होण्याआधी सांगितलं जातं, आणि बदलापाशी तो करणाऱ्याचं नावही असतं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या प्रत्येक व्हर्जनबरोबर नवं काय हे समजावणारा लेख येतो. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. मधली अकरा वर्षं जगभरचे लोक एकावरून दुसऱ्यावर जात होते. त्या स्थलांतरात एक गोष्ट ठळकपणे दिसली. काही बदल आरडाओरडा करतात : जुन्या पद्धतीने लिहिलेला प्रिंट नव्या व्हर्जनमध्ये चालतच नाही, लगेच चूक दाखवतो. काही बदल मुकाट्याने येतात : ७ ला २ ने भागलं तर पायथन २ मध्ये उत्तर ३ येतं, पायथन ३ मध्ये ३.५. प्रोग्रॅम कुठे अडत नाही, फक्त बिलाची रक्कम वेगळी निघते. नोट लिहिताना आणि वाचताना या दुसऱ्या जातीच्या बदलांवर नजर ठेवायची.

व्हर्जनचा क्रमांक हीदेखील एक छोटी नोंदच आहे. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेल्या, २०१३ मध्ये २.०.० या रूपात आलेल्या नियमांनुसार क्रमांकाचे तीन भाग असतात. जुन्याशी न जुळणारा बदल झाला तर पहिला आकडा वाढतो, जुन्याला धक्का न लावता भर घातली तर दुसरा, नुसती दुरुस्ती असेल तर तिसरा. ही सोय मोठी आहे, पण ते लिहिणाऱ्याने दिलेलं वचन आहे, पुरावा नाही. दुरुस्ती म्हणून आलेल्या व्हर्जनने दुसऱ्याचा प्रोग्रॅम मोडल्याचा अनुभव प्रत्येक इंजिनिअरला येतो, कारण कुणीतरी त्या चुकीवरच विसंबून काम उभं केलेलं असतं. क्रमांक पाहून कुठे लक्ष द्यायचं ते ठरवावं, चाचणी मात्र करावीच.

क्रमांकाचा सर्वांत सुंदर वापर डोनाल्ड कनूथ यांनी त्यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत केला. तिसऱ्या आवृत्तीनंतर प्रत्येक दुरुस्तीला क्रमांकात पाय (π) या संख्येचा एकेक अंक वाढतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या पश्चात त्याला नेमकं पाय म्हणावं आणि पुढे काहीही बदलू नये, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांची चुकांची वही. १९७८ पासून टेकमध्ये सापडलेली प्रत्येक चूक आणि केलेली प्रत्येक सुधारणा त्यांनी लिहून ठेवली, तिची पंधरा प्रकारांत वर्गवारी केली, आणि १९८९ मध्ये ती सगळी यादी विवेचनासह छापली. जगातल्या एका थोर संगणकशास्त्रज्ञाने आपल्या चुका तारखेवार, सर्वांसमोर मांडल्या आणि त्यातून इतरांना शिकू दिलं. या विषयाची नीतिमत्ता मला तिथे सापडते.

पुस्तकाचा तिसरा भाग नोंदीवर संशय कसा घ्यावा याबद्दल आहे. २०२४ पर्यंत अनेकांना वाटे की सोर्स कोड सर्वांसाठी उघडा आहे, प्रत्येक कमिट दिसतो, मग फसवणूक होईल कशी? त्या वर्षीच्या २४ फेब्रुवारीला एक्सझेड या फाइल आकसणाऱ्या सॉफ्टवेअरचं ५.६.० हे व्हर्जन आलं, आणि ९ मार्चला ५.६.१. टोपणनावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने दोनेक वर्षं इमानदारीने मदत करून त्या प्रकल्पात विश्वास मिळवला होता. दूरच्या सर्व्हरमध्ये शिरण्याचा चोरदरवाजा तिने या दोन व्हर्जनमध्ये बसवला. चोरीचा माल चाचणीच्या फायली म्हणून ठेवलेला होता. तो उघडून बिल्डमध्ये घुसवणारी स्क्रिप्ट मात्र गिटमध्ये नव्हतीच. ती होती फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात. इतिहास वाचणाऱ्यांना ती दिसणं शक्य नव्हतं. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसवर काम करणारे इंजिनिअर. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो हे त्यांना खटकलं, त्यांनी माग काढला, आणि २९ मार्चला ही गोष्ट जगासमोर आली. तोवर ही व्हर्जन्स काही प्रणालींच्या चाचणी-प्रतींत पोचली होती. बहुतांश स्थिर प्रणाली वाचल्या.

यातून निघणारा धडा सरळ आहे. आपण वाचतो तो इतिहास आणि आपण चढवतो ती वस्तू एकच आहे का, हे तपासता आलं पाहिजे. त्यासाठी एकाच कोडमधून कुणीही, कुठेही बिल्ड केलं तरी बाइट न् बाइट तीच फाइल निघावी, असा प्रयत्न डेबियनमध्ये २०१३ पासून चालू आहे. हे काम कंटाळवाणं आहे, फाइलमध्ये शिरलेली बिल्डची वेळसुद्धा ते बिघडवते. पण नोंदीला पुराव्याचं बळ मिळतं ते याच कामामुळे.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे प्रत्यक्षात कुठे काय चालू आहे हे माहीत असणं. जुलै २०१२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार कंपनीने नवा कोड चढवला. आठ सर्व्हरपैकी सातांवर तो पोचला, एकावर राहून गेला. त्या एकावर कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड तसाच होता, आणि नव्या कामासाठी जी खूण वापरली तीच त्या जुन्या कोडला जागं करणारी होती. १ ऑगस्टला तो वापरात येताच ४५ मिनिटांत कंपनीला ४४ कोटी डॉलरहून अधिक फटका बसला. चढवलेला कोड दुसऱ्या माणसाने तपासलेला नव्हता, हे पुढे सरकारी चौकशीत नोंदलं गेलं. दोन वर्षांनी, ७ एप्रिल २०१४ ला, ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष जाहीर झाला. १.०.१ पासून १.०.१एफपर्यंतची व्हर्जन्स त्यात सापडली, त्याआधीची ०.९.८ आणि १.०.० ही सुटली. आपल्याकडे कुठे कोणतं व्हर्जन आहे याची यादी ज्यांच्याकडे तयार होती त्यांना काय करायचं ते लगेच कळलं. बाकीच्यांनी आधी सर्व्हर मोजायला घेतले. सॉफ्टवेअरमध्ये कोणकोणते घटक, कोणत्या व्हर्जनचे आहेत याची यादी ठेवावी यासाठी भारतातही सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या कपाटात न राहता वापरात याव्यात.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये, यासाठी चौथ्या भागात आपल्या लिपीचा एक दाखला घेतला आहे. अक्षरांना संगणकी संकेत देणारं युनिकोड हेही रिलीज होत राहणारं प्रमाण आहे, आणि प्रत्येक व्हर्जनमध्ये कोणती चिन्हं आली याची चोख यादी प्रसिद्ध होते. मराठीतला ‘ॲ’ हा स्वतंत्र संकेत म्हणून २००८ मध्ये, ५.१ या व्हर्जनमध्ये आला. त्याआधी लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्राची खूण देत. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे आहेत, आणि प्रमाणानेही त्यांना समान ठरवलेलं नाही. म्हणून जुन्या पद्धतीने टाइप केलेला ‘ॲड.’ नव्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. वकिलांची यादी असो, ग्रंथालयाची सूची असो की वृत्तपत्राचा संग्रह, ज्यांनी हा बदल वाचला त्यांनी दोन्ही रूपं जुळवून घेतली. ज्यांनी वाचला नाही त्यांच्या नोंदी असून नसल्यासारख्या झाल्या. रुपयाचं चिन्ह १५ जुलै २०१० ला सरकारने स्वीकारलं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये युनिकोड ६.० मध्ये आलं. पण फोनवर ते दिसण्यासाठी फॉन्ट आणि प्रणाली त्या त्या व्हर्जनला पोचावी लागली. एकदा दिलेला संकेत काढायचा नाही आणि हलवायचा नाही, हे युनिकोडचं १९९६ पासूनचं धोरण आहे. आज लिहिलेलं मराठी पन्नास वर्षांनी वाचता यावं, याची हमी अशा धोरणात असते.

हे पुस्तक कुणासाठी आहे? पुण्यामुंबईच्या, नागपूर-नाशिकच्या आणि परदेशातल्या कंपन्यांत दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी ते आधी आहे. सपोर्ट प्रोजेक्टला दुय्यम समजण्याची रीत आपल्याकडे आहे, ती मला मान्य नाही. मेअर लेहमन यांनी १९७४ मध्येच दाखवलं होतं की वापरातलं सॉफ्टवेअर सतत बदलत राहतं, नाहीतर हळूहळू निरुपयोगी होतं. म्हणजे ते जिवंत ठेवण्याचं काम सांभाळणारेच करतात. त्यांच्याबरोबर रुग्णालय, पतपेढी, शाळा आणि ग्रामपंचायत इथे अपग्रेडचा निर्णय घेणाऱ्यांनीही शेवटचा भाग वाचावा. त्यात कोड नाही. विक्रेत्याला विचारायचे प्रश्न आहेत. काय बदललं? का? आमचा जुना डेटा सुरक्षित राहील का? मागे यायचं झालं तर कसं? ज्याला या चार प्रश्नांची लेखी उत्तरं देता येत नाहीत, त्याचं व्हर्जन चढवायची घाई करू नये.

कमिट, रिलीज, बिल्ड, पॅच हे शब्द मी तसेच ठेवले आहेत, कारण ऑफिसात तेच बोलले जातात. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिलेले स्वाध्याय स्वतः करून पाहावेत. डिफ आणि बायसेक्ट ही हाताने शिकायची साधनं आहेत.

वाचकाला माझी एकच विनंती आहे. पुस्तक पूर्ण वाचून होण्याची वाट पाहू नका. आज जो बदल कराल त्याच्याखाली तो का केला हे एका पूर्ण वाक्यात लिहा, आणि शेजारी बसणाऱ्याला ते वाचायला द्या. त्याला समजलं नाही, तर समजेपर्यंत पुन्हा लिहा, आणि मगच कमिट करा.